पत्र्याचे गेज: जाडी कशी समजून घ्यावी आणि कशी तपासावी

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरात शेडसाठी, शटरसाठी, ट्रॉलीच्या दुरुस्तीसाठी किंवा धान्याच्या कोठीसाठी पत्रा घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार सर्वांत आधी गेज विचारतो. ग्राहक 'वीस गेज' किंवा 'चोवीस गेज' असे सांगतो, दुकानदार दर सांगतो आणि व्यवहार ठरतो. या बोलण्यात जाडी मिलिमीटरमध्ये किती, हा प्रश्न बहुतेक वेळा निघतच नाही. तो निघाला पाहिजे, कारण गेज हे जाडीचे एकक नाही. गेजचा आकडा म्हणजे एखाद्या तक्त्यातील ओळीचा क्रमांक. त्या ओळीसमोर कोणती जाडी लिहिलेली आहे, हे तक्ता कोणता आणि धातू कोणता यावर ठरते. फॅब्रिकेशनच्या व्यवसायात नव्याने आलेल्या तरुणांना आणि स्वतःच्या घरासाठी वा शेतासाठी पत्रा घेणाऱ्यांना हा तक्ता वाचता यावा आणि हातात आलेला माल स्वतः तपासता यावा, यासाठी ही माहिती दिली आहे.

नव्या माणसाला सर्वांत आधी गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे आकड्याची उलटी चाल. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होत जातो. सोळा गेजचा पत्रा जाड, तर अठ्ठावीस गेजचा पातळ. याचे मूळ तार ओढण्याच्या धंद्यात आहे. जाड सळई एकाहून एक लहान होत जाणाऱ्या छिद्रांच्या साच्यांतून ओढून तार बारीक केली जात असे, आणि जितक्या वेळा ती ओढली जाई तितका तिचा क्रमांक पुढचा असे. पुढे तारेचे हेच क्रमांक पत्र्यालाही लावले गेले. प्रत्येक कारखान्याचे क्रमांक वेगळे असल्याने व्यापारात फार घोळ होऊ लागला, तेव्हा ब्रिटनने १८८४ पासून एक प्रमाण तक्ता कायद्याने लागू केला. त्यालाच स्टँडर्ड वायर गेज किंवा थोडक्यात एसडब्ल्यूजी म्हणतात. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आलेला आणि बाजारात आजही चालणारा तक्ता मुख्यतः हाच आहे.

त्यातील नेहमी लागणाऱ्या ओळी अशा आहेत:

१० गेज – ३.२५१ मिमी
१२ गेज – २.६४२ मिमी
१४ गेज – २.०३२ मिमी
१६ गेज – १.६२६ मिमी
१८ गेज – १.२१९ मिमी
२० गेज – ०.९१४ मिमी
२२ गेज – ०.७११ मिमी
२४ गेज – ०.५५९ मिमी
२६ गेज – ०.४५७ मिमी
२८ गेज – ०.३७६ मिमी
३० गेज – ०.३१५ मिमी

या आकड्यांकडे नीट पाहिले तर आणखी एक बाब ध्यानात येते. दोन गेजमधील अंतर सर्वत्र सारखे नाही. दहा गेजवरून बारावर आल्यास जाडी सुमारे ०.६१ मिमीने उतरते, पण चोवीसवरून सव्वीसवर आल्यास ती केवळ ०.१ मिमीने उतरते. म्हणून 'दोन गेजचा तर फरक आहे' हे वाक्य स्वतःहून काहीच सांगत नाही. शिवाय ०.१ मिमी हा फरक ऐकायला क्षुल्लक वाटला तरी चोवीस गेजच्या पत्र्यात तो जाडीच्या १८ टक्के भरतो, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. पातळ पत्र्यात थोडी कसर राहिली तरी तिचे प्रमाण मोठे असते, आणि फसगतही बहुधा पातळ पत्र्यातच होते.

आज गिरण्यांमधून पत्रा निघतो तो मिलिमीटरच्या मापात. बाजारात मिळणारी मापे ०.५, ०.६, ०.८, १.०, १.२, १.६, २.० मिमी अशी असतात आणि दुकानातील बोलणे मात्र गेजमध्ये चालते. त्यामुळे गेजचे मिलिमीटरमध्ये रूपांतर करताना प्रत्येक जण आपापल्या सोयीने आकडा वर किंवा खाली सरकवतो. सोळा गेज म्हटल्यावर १.६ आणि अठरा गेज म्हटल्यावर १.२ मिमी मिळाला तर तक्रारीला जागा नाही. वीस गेजला मात्र एक जण ०.९ देतो आणि दुसरा १.० देतो, बावीस गेजला कोणी ०.७ देतो तर कोणी ०.८. दोघांचेही दर 'वीस गेज' या एकाच नावाने सांगितले जातात आणि ग्राहक त्यांची तुलना करून स्वस्त तो घेतो. ती तुलना खरी नसते. वीस गेजच्या दोन दरांत दहा टक्क्यांचा फरक दिसला, तर जाडीतही दहा टक्क्यांचा फरक आहे का, हे आधी विचारावे.

जाड पत्र्याकडे आले की यात सूतही मिसळते. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला तेव्हा सगळे मोजमाप इंचातच होते, आणि मेट्रिक पद्धतीचा कायदा झाला तो १९५६ साली. इंच आणि सूत या मापांवर कारागिरांच्या कित्येक पिढ्यांचा हात बसला आहे आणि ती मापे आजही तितक्याच सहजपणे वापरली जातात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३.१७५ मिमी. ट्रॉलीच्या तळासाठी एकाने 'एक सूत', दुसऱ्याने 'दहा गेज' आणि तिसऱ्याने 'तीन एमएम' मागितले, तर तिघांनाही आपण एकच वस्तू मागत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात ही मापे ३.१७५, ३.२५ आणि ३.० अशी तीन निरनिराळी आहेत. आठ बाय चार फुटांच्या एका पत्र्यात ३.२५ आणि ३.० यांच्या वजनातील फरक सुमारे पावणेसहा किलो भरतो. किलोच्या भावाने घेताना हा फरक बिलात लगेच दिसतो. कामाचा एकरकमी ठेका दिलेला असेल तर तो कोणालाच दिसत नाही.

येथपर्यंत एकाच तक्त्याचा विचार झाला. अडचण खरी वाढते ती अमेरिकी तक्त्यांमुळे. कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतील ज्या कारखान्यांकडे परदेशी ग्राहकांची ड्रॉइंग येतात, त्यांनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. अमेरिकेने १८९३ साली लोखंडी पत्र्यासाठी जो गेज कायद्याने ठरवला, तो जाडीवर नव्हे तर एक चौरस फूट पत्र्याच्या वजनावर आधारलेला होता. त्यातून पुढे पोलादी पत्र्याचा जो तक्ता प्रचारात आला त्यात सोळा गेज म्हणजे १.५१९ मिमी. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याला तेथे वेगळा तक्ता आहे आणि त्यात सोळा गेज म्हणजे १.६१३ मिमी. स्टेनलेस स्टीलसाठी तिसरा तक्ता आहे, त्यात १.५८८ मिमी. ॲल्युमिनियमसाठी चौथाच तक्ता आहे, आणि त्यात सोळा गेज केवळ १.२९० मिमी भरतो. ब्रिटिश तक्त्यातील १.६२६ शी ताडून पाहिले तर ॲल्युमिनियमचा सोळा गेज वीस टक्क्यांहून अधिक पातळ आहे. ॲल्युमिनियमच्या चौदा गेजची जाडी १.६२८ मिमी, म्हणजे आपल्या सोळा गेजच्या बरोबरीची.

फरक एकाच दिशेने असता तरी तो लक्षात ठेवता आला असता, पण तसेही नाही. सोळा गेजला ब्रिटिश आकडा मोठा आहे, तर चोवीस गेजला तो लहान आहे: ब्रिटिश ०.५५९, अमेरिकी साध्या पोलादाचा ०.६०७ आणि अमेरिकी जस्ती पत्र्याचा ०.७०१ मिमी. चोवीस गेज लिहिलेले ड्रॉइंग अमेरिकेहून आले असेल आणि येथे बाजारातून ०.५५ चा जस्ती पत्रा आणून काम उरकले, तर माल परत येणार हे निश्चित. म्हणून ड्रॉइंगवर केवळ गेज लिहिला असेल तर काम सुरू करण्यापूर्वी ग्राहकाकडून जाडी मिलिमीटरमध्ये किंवा इंचाच्या दशांशात लेखी मागवून घ्यावी. असा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. ज्याला काम कळते तोच हा प्रश्न विचारतो.

आता प्रत्यक्ष मोजण्याकडे वळू. बाजारात गोल चकतीच्या आकाराची गेज प्लेट मिळते. तिच्या कडेला खाचा असतात आणि प्रत्येक खाचेच्या आत एक गोल छिद्र असते. मोजायचे ते खाचेत, छिद्रात नव्हे. छिद्र केवळ खाच कापण्याच्या सोयीसाठी ठेवलेले असते. ज्या खाचेत पत्र्याची कड अलगद पण ढिली न पडता बसते, त्या खाचेचा आकडा हा पत्र्याचा गेज. प्लेट घेताना ती कोणत्या तक्त्याची आहे हे तिच्यावर कोरलेले आहे का, ते अवश्य पाहावे. एवढे करूनही गेज प्लेट केवळ अंदाज देते. ०.५० आणि ०.५५ मधील फरक तिच्यावर खात्रीने कळत नाही, आणि पैसे तर याच फरकाचे असतात.

व्हर्निअर कॅलिपर पुष्कळांकडे असते, परंतु त्याचे लघुतम माप साधारणपणे ०.०२ मिमी असते. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यावर एवढीशी चूकही चार टक्के ठरते. पत्र्यासाठी योग्य साधन म्हणजे ०.०१ मिमीपर्यंत वाचन देणारे मायक्रोमीटर. ते कसे वाचावे हे एका उदाहरणाने सांगतो. सर्वसाधारण मायक्रोमीटरच्या बॅरलवर, म्हणजे न फिरणाऱ्या नळीवर, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या रेषा असतात आणि फिरणाऱ्या थिंबलवर ५० भाग असतात. थिंबलचा एक पूर्ण फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर. पत्रा पकडल्यावर बॅरलवर शून्यानंतरची पहिली, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची, रेषा उघडी दिसत असेल आणि थिंबलवरचा ४१ वा भाग मधल्या आडव्या रेषेशी जुळत असेल, तर वाचन ०.५० अधिक ०.४१, म्हणजे ०.९१ मिमी. हा ब्रिटिश तक्त्याचा वीस गेज झाला. अर्ध्या मिलिमीटरची ती रेषा नजरेतून सुटली तर हाच पत्रा ०.४१ चा वाटेल, म्हणून आधी बॅरल पाहावे आणि मग थिंबल.

मोजण्यापूर्वी मायक्रोमीटरची दोन्ही तोंडे स्वच्छ कापडाने पुसून एकमेकांना टेकवावीत आणि शून्य जुळते का ते पाहावे. मिटलेल्या स्थितीत ते ०.०२ दाखवत असेल, तर वरच्या ०.९१ मधून तेवढे वजा करून जाडी ०.८९ धरावी लागेल. पकड नेहमी रॅचेटने, म्हणजे टोकाच्या लहान फिरत्या मुठीने, द्यावी आणि तो दोन-तीनदा टक-टक वाजेपर्यंतच फिरवावा. थिंबल हाताने आवळल्यास वाचन कमी येते, आणि तेच वाचन दुकानदारासमोर ठेवून वाद घालणे योग्य नाही.

जागा कोणती निवडावी, यालाही तितकेच महत्त्व आहे. शिअरिंग मशीनवर कापलेल्या कडेला बर, म्हणजे उभा राहिलेला खरखरीत कंगोरा, असते, आणि तेथे मोजल्यास जाडी वाढून येते. उलट, गिरणीतून आलेल्या मूळ कडेपाशी पत्रा मधल्या भागापेक्षा किंचित पातळ असतो. म्हणून कडेपासून मायक्रोमीटर जितके आत पोहोचेल तितके आत मोजावे. एकाच ठिकाणी मोजून समाधान मानू नये. चारही बाजूंना निरनिराळ्या जागी मोजून सरासरी काढावी. तेल, गंज आणि मिल स्केल (गरम लाटताना पत्र्यावर बसलेली काळी खपली) पुसून किंवा खरवडून घ्यावे. काही जण दहा पत्र्यांची थप्पी एकदम मोजून दहाने भागतात. ही पद्धत टाळावी, कारण पत्र्यांच्या मधली फट आणि तेलाचा थर त्या मापात शिरतो आणि पातळ पत्रा जाड भासतो.

चौकोनी पाइपच्या बाबतीतही गेज चालतो. गेटसाठी 'सोळा गेजचा पाइप' म्हणतात तेव्हा तो आकडा पाइपच्या भिंतीचा असतो. तेथे टोकाची बर कानशीने काढून, वेल्डच्या शिवणीपासून दूर, सपाट बाजूच्या मध्यावर मोजावे. गोल पाइपला सपाट तोंडाचे मायक्रोमीटर लावल्यास आतल्या वळणामुळे वाचन वाढून येते. त्यासाठी एका बाजूला गोळी असलेले मायक्रोमीटर लागते.

मुलामा दिलेल्या पत्र्याचा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण घरावर किंवा गोठ्यावर पत्रा घालणारा सामान्य माणूस नेमका येथेच अडतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्यावरील जस्ताचे प्रमाण दर चौरस मीटरला किती ग्रॅम, या मापाने सांगतात आणि त्याला जीएसएम म्हणतात. हा आकडा दोन्ही बाजू मिळून असतो. १२० जीएसएमच्या पत्र्यावर एका बाजूला ६० ग्रॅम जस्त असते आणि त्याची जाडी जेमतेम साडेआठ मायक्रॉन भरते (एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिमी). २७५ जीएसएमला एका बाजूचा थर सुमारे १९ मायक्रॉन होतो. मायक्रोमीटरला पोलाद आणि जस्त यांतील भेद कळत नाही. तो सगळ्यांची मिळून जाडी दाखवतो.

कलर कोटेड पत्र्यात तर हा भेद आणखी मोठा होतो. तेथे दोन जाड्या सांगितल्या जातात: मुलामा आणि रंग धरून एकूण जाडी, जिला टीसीटी म्हणतात, आणि आतल्या नुसत्या पोलादाची जाडी, जिला बीएमटी म्हणतात. एक पत्रा जवळून पाहू. एकूण जाडी ०.५० मिमी आहे. वरच्या बाजूला प्रायमरसह रंग २५ मायक्रॉन आणि खालच्या बाजूला १० मायक्रॉन आहे. दोन्ही मिळून ०.०३५ मिमी. त्याखाली ॲल्युमिनियम-जस्ताच्या मिश्रणाचा १५० जीएसएमचा मुलामा आहे, आणि तो दोन्ही बाजू मिळून सुमारे ०.०४ मिमी भरतो. हे वजा केल्यावर पोलाद उरते ते ०.४२५ मिमी. दुकानात 'पाच नंबरचा, पॉइंट पाच' म्हणून घेतलेल्या पत्र्यात पोलाद सव्वीस गेजपेक्षाही कमी आहे. यात फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही, कारण ०.५० हा आकडा एकूण जाडी म्हणून खरा आहे. परंतु दुसऱ्या दुकानदाराने ०.४५ बीएमटी म्हणून दर दिला असेल आणि तो महाग वाटून ग्राहकाने सोडून दिला असेल, तर जास्त पोलादाचा माल त्याने केवळ आकडा लहान दिसला म्हणून नाकारलेला असतो.

जाडी आणि मुलामा यांची कामेही वेगळी आहेत, हे येथेच सांगितले पाहिजे. जाडी पत्र्याला वाकण्यापासून आणि माणसाच्या पायाखाली दबण्यापासून वाचवते. गंजापासून वाचवतो तो मुलामा. शिराळ्याच्या पश्चिमेकडे जोराचा पाऊस पडतो. जत आणि आटपाडीकडे तो तुरळक असतो. पश्चिमेकडच्या घरासाठी गेज वाढवण्याऐवजी जास्त जीएसएमचा पत्रा घेणे अधिक शहाणपणाचे. तासगाव भागात बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. त्या धुरातील वायू जस्ताला खातो, म्हणून धुरीच्या खोलीवर १२० जीएसएमचा पत्रा घालून तो टिकण्याची अपेक्षा करू नये, मग तो कितीही जाड असो. गोठ्यातील मूत्राच्या वाफेलाही हेच लागू पडते.

जाडी जितकी घटते तितकीच ताकद घटते, असा एक चुकीचा समज आहे. सपाट पत्र्याची वाकण्याला विरोध करण्याची क्षमता जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ०.५० ऐवजी ०.४५ चा सपाट पत्रा वापरला तर जाडी दहा टक्क्यांनी घटते, पण ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. कपाटाचे दार, कोठीची बाजू किंवा टेबलाचा वरचा पत्रा करताना हे ध्यानात ठेवावे. नालीदार किंवा घडी पाडलेल्या छताच्या पत्र्यात मात्र मुख्य ताठपणा घडीच्या उंचीतून येतो, म्हणून तेथे घट साधारणपणे जाडीच्याच प्रमाणात, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास राहते. छतासाठी पत्रा घेताना घडीची उंची आणि पर्लिनमधील (पत्र्याखालच्या आडव्या आधारांमधील) अंतर यांचा विचार गेजइतकाच करावा.

मायक्रोमीटर नसेल तर वजन हा उत्तम साक्षीदार आहे, आणि असेल तरी वजन करून पाहावेच. पोलादाचा एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीचा पत्रा ७.८५ किलो भरतो. लांबी मीटरमध्ये, रुंदी मीटरमध्ये आणि जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला ७.८५ ने गुणावे, म्हणजे वजन किलोमध्ये मिळते. आठ बाय चार फुटांचा पत्रा २.९७ चौरस मीटर असतो, म्हणून त्याच्या दर मिलिमीटर जाडीला सुमारे २३.३ किलो हे एकच मूल्य पाठ असले तरी पुरते. स्टेनलेस स्टीलच्या ३०४ जातीसाठी ७.८५ च्या जागी ७.९३ आणि ॲल्युमिनियमसाठी २.७ घ्यावे.

समजा १.६ मिमीचे, आठ बाय चारचे दहा पत्रे मागवले. हिशेबाने वजन सुमारे ३७३ किलो यायला हवे. काट्यावर ते ३५२ किलो भरले, तर ३५२ ला २३३ ने भागून सरासरी जाडी १.५१ मिमी निघते. याचा अर्थ माल सोळा गेजऐवजी दीडचा आला. मात्र हे वजन ट्रकच्या भुईकाट्यावर करू नये. त्याचे लघुतम माप पाच किंवा दहा किलोंचे असू शकते. दुकानातील प्लॅटफॉर्म काटा वापरावा. छताच्या पत्र्याला हाच हिशेब लावायचा तर घडी पाडण्यापूर्वीच्या कॉइलची, म्हणजे सपाट पत्र्याच्या गुंडाळीची, रुंदी विचारावी, कारण घडी पाडल्यावर पत्रा अरुंद दिसतो. १.२२ मीटर रुंदीच्या कॉइलपासून केलेला, वर सांगितलेला ०.५० एकूण जाडीचा पत्रा दर धावत्या मीटरला साधारण ४.३ किलो भरतो.

पैसे कोणत्या मापाने द्यायचे, यावरही जाडीत होणारे नुकसान कोणाच्या पदरी पडणार हे ठरते. किलोच्या भावाने घेतलेला पत्रा थोडा पातळ आला तर पैसेही तेवढे कमी द्यावे लागतात. तेथे धोका कामाच्या मजबुतीचा असतो, खिशाचा नाही. उलट किलोच्या भावाने घेतलेला पत्रा थोडा जाड आला, तर तेवढ्याच क्षेत्रासाठी जास्त रक्कम मोजावी लागते. परंतु फुटावर किंवा नगावर विकला जाणारा छताचा पत्रा पातळ निघाला, तर सगळे नुकसान ग्राहकाचे. म्हणून फुटावर घेतलेला माल मोजल्याशिवाय उतरवून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

थोडीफार कमी-जास्त जाडी मात्र प्रत्येक पत्र्यात असते आणि भारतीय मानकांनी ती मान्य केलेली आहे. गरम लाटलेल्या पत्र्यासाठी आयएस १०७९, थंड लाटलेल्या पत्र्यासाठी आयएस ५१३ आणि जस्ती पत्र्यासाठी आयएस २७७ ही मानके आहेत. किती फरक चालेल हे जाडी आणि रुंदीनुसार बदलते. १.६ च्या जागी १.५७ आला म्हणून माल परत पाठवणे अन्यायाचे होईल. सगळीकडून मोजूनही पत्रा सातत्याने एकाच बाजूला, म्हणजे कमीकडेच, भरत असेल तेव्हा प्रश्न विचारावा आणि मिलचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे. ते मोठ्या खरेदीत सहज मिळते, आणि त्यावरचा कॉइल क्रमांक पत्र्याच्या बंडलावरील चिठ्ठीशी जुळतो का हे पाहता येते. 'फुल गेज आहे, बघायला नको' या तोंडी शब्दाला चिठ्ठीइतके वजन देऊ नये.

शेतकऱ्यांसाठी प्लास्टिकच्या गेजबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण तेथे आकड्याची चाल नेमकी उलट आहे. पॉलिथिनमध्ये १०० गेज म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे २५.४ मायक्रॉन. येथे गेज वाढला की जाडीही त्याच प्रमाणात वाढते. ४०० गेजचा प्लास्टिकचा कागद २०० गेजच्या बरोबर दुप्पट जाड असतो. मायक्रॉनला जवळपास चारने गुणले की गेज मिळतो. शेततळ्यासाठी वापरला जाणारा ५०० मायक्रॉनचा कागद सुमारे २००० गेजचा असतो. पत्र्याच्या सवयीने कोणी जास्त गेज म्हणजे पातळ असे समजून शेततळ्याचा कागद निवडला, तर पहिल्याच उन्हाळ्यात त्याचे पाणी आणि पैसे दोन्ही जातील. कागदाची जाडी मोजताना तो घडीवर किंवा रोलच्या दुमडलेल्या टोकावर मोजू नये आणि मायक्रोमीटरची पकड अगदी हलकी ठेवावी, कारण प्लास्टिक दाबले जाते.

मागणी नोंदवताना एवढे लिहावे: धातू आणि त्याची जात, जाडी मिलिमीटरमध्ये, ती एकूण की नुसत्या पोलादाची, मुलाम्याचे जीएसएम, पत्र्याचे माप आणि नगांची संख्या. उदाहरणार्थ, 'जीआय पत्रा, आयएस २७७, एकूण जाडी ०.८० मिमी, १२० जीएसएम, २५०० बाय १२५० मिमी, २० नग'. गेज लिहायचाच असेल तर मिलिमीटरनंतर लिहावा आणि दोन्हींत तफावत आल्यास मिलिमीटर ग्राह्य धरावे, असे त्याच ओळीत नमूद करावे. माल आल्यावर मोजमाप पत्रे शिअरिंगला लावण्यापूर्वी करावे, कारण कापलेला पत्रा कोणी परत घेत नाही. थप्पीतील वरचे एक-दोन पत्रे पाहून थांबू नये. मधला आणि तळाचा पत्राही ओढून मोजावा आणि वाचने बिलाच्या मागे तारखेसह लिहून ठेवावीत.